सतरावी डबी

आमच्या सरांकडे कोणी नवा माणूस आला की ते आधी त्याच्या हातात माती द्यायचे. चहा नंतर. टेबलाखाली एक प्लास्टिकचं घमेलं असायचं. त्यातली मूठभर माती समोरच्याच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायचं, "किती?" समोर प्राचार्य असोत, प्रिंटरची शाई विकायला आलेला माणूस असो, नाहीतर लग्नपत्रिका द्यायला आलेल्या कोणी वहिनी. ते बिचारे मातीकडे बघत राहायचे. मग सर म्हणायचे, "अहो, बघताय काय? डोळे मिटा आधी. डोळे लबाड असतात. मूठ आवळा आणि सांगा, शंभर ग्रॅम मातीमागे पाणी किती?"

लोक साठ सांगायचे, ऐंशी सांगायचे. एका विमा एजंटने "फिफ्टी-फिफ्टी" असं उत्तर दिलं होतं. सर हसायचे नाहीत. स्वतः मूठ आवळायचे, मान जराशी डावीकडे, ओठ पुढे, आणि म्हणायचे, "अकरा." दुसऱ्या दिवशी ओव्हनमधून माती काढून वजन केलं की अकराच्या आसपासच आकडा निघायचा. त्यांचा अंदाज दोनहून जास्त चुकलेला मी दोनदाच पाहिला, आणि त्यातल्या एकदा त्यांच्या अंगात ताप होता.

मी त्यांच्या हाताखाली सव्वातीन वर्षं काम केलं. नाशिकमधल्या एका कॉलेजचा भूगोल विभाग, त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची, उन्हाळ्यात भट्टी होणारी एक खोली, तीन संगणक आणि भिंतभर मातीच्या बाटल्या. काम होतं रडारच्या चित्रांवरून जमिनीतली ओल आणि वरचं पीक ओळखण्याचं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पेठ-सुरगाण्याकडे चार महिने ढगांशिवाय काही दिसत नाही. रडारचं तसं नसतं. ते आपल्या लहरी खाली सोडतं, त्या ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटून परत येतात आणि किती परत आल्या यावरून चित्र तयार होतं. विहिरीत ओरडून आवाजावरून पाणी किती खोल आहे हे ओळखावं, तसं काहीसं. ओल्या जमिनीवरून जास्त लहरी परत येतात, कोरडीवरून कमी. पण ढेकळं उभी असलेलं नांगरलेलं रानही जास्त परत पाठवतं, डोंगराची समोरची बाजूही, आणि लोखंड तर विचारूच नका. म्हणून ज्या दिवशी उपग्रह डोक्यावरून जाणार, त्या सकाळी कोणीतरी शेतात हजर असावंच लागतं. पाइपचा एक तुकडा हातोडीने जमिनीत पाच सेंटिमीटर ठोकायचा, आतली माती अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत भरायची, झाकण लावायचं, नंबर घालायचा. रडार काय म्हणतं आणि डबी काय म्हणते हे जुळलं, तर नकाशा खरा.

उपग्रहाला सर "मावशी" म्हणायचे. मावशी बारा दिवसांनी यायच्या, सकाळी सहा एकतीसला. "मावशी वेळेच्या पक्क्या," ते म्हणायचे, "वेळ पाळत नाही ते आपण." ज्या दिवशी ते शेतात नसत त्या दिवशी सहा एकतीसला इंदिरानगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर जाऊन उभे राहत आणि वर बघत. वर काहीही दिसायचं नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "माझी सख्खी मावशी अकोल्याहून आली तेव्हा स्टेशनवर रिक्षासुद्धा पाठवली नव्हती."

काकू गणिताच्या शिक्षिका होत्या आणि त्यांना केकचा नाद होता. कॉलेजचा ओव्हन बंद पडला तेव्हा सरांनी तीन महिने घरच्या ओव्हनमध्ये माती वाळवली. माती चोवीस तास वाळवावी लागते. म्हणजे ओव्हन मोकळा कधी नाहीच. दिवाळीत काकूंनी भांडून एक दिवस मिळवला आणि नानकटाई केली. ती नानकटाई आम्हाला देताना त्या म्हणाल्या, "खा. सिन्नरची आहे की निफाडची ते तुमचे सर सांगतील." खरंच तिला मातीचा वास होता. सरांनी तीन खाल्ल्या आणि उत्तम झाल्या आहेत असं सांगितलं.

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विद्यार्थ्यांना, शिपायाला, जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "अहो, जरा सरकता का?" मला पहिल्या दिवशी "या, बसा" म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कोण आलंय म्हणून. रागवायचेसुद्धा अहो-जाहो करूनच, आणि तो राग जास्त लागायचा. खिशात पेनाऐवजी चमचा असायचा, माती उकरायला. चहात साखर ढवळायलाही तोच. आम्ही मुलींनी त्यांच्याकडचा चहा कधी घेतला नाही.

एकदा काकूंच्या माहेरची काही पूजा होती त्र्यंबकेश्वरला, यजमानपद जावयाकडे. गुरुजींनी मातीची पिंडी करायला ओल्या मातीचा गोळा सरांच्या हातात दिला. सरांनी डोळे मिटले, मान डावीकडे झुकवली. गुरुजींना वाटलं, यजमानांची समाधी लागली. ते मंत्र थांबवून आदराने वाट बघत बसले. थोड्या वेळाने सर म्हणाले, "सत्तावीस." काकूंनी हे सांगताना कपाळावर हात मारला होता, पण सांगायच्या मात्र दर वेळी नव्याने, हातवारे करून.

मला आवडणारी गोष्ट पेठकडची आहे. डोंगरउतारावर एका आजीबाईंची नागलीची, म्हणजे नाचणीची, दोन वावरं होती, तिथं आमचं माती घ्यायचं चार नंबरचं ठिकाण होतं. आजीबाई आमचं ठोकाठोकीचं काम उकिडव्या बसून बघत होत्या. सरांनी सवयीप्रमाणे त्यांच्या हातात माती दिली आणि विचारलं, "किती?" आजीबाईंना टक्के-बिक्के काय माहीत? त्यांनी मूठ आवळली, सोडली, ढेकूळ बोटाने फोडलं आणि म्हणाल्या, "दोन दीस. मंग नाय." म्हणजे ही ओल दोन दिवस पिकाला पुरेल, पुढे नाही. सर त्यांच्याकडे बघतच राहिले. नंतर जीपमध्ये मला म्हणाले, "आपण किती आहे ते सांगतो. त्यांनी किती दिवस आहे ते सांगितलं. कामाचं काय?" त्या दिवसापासून आमच्या वहीत एक जादा रकाना आला, "जमीनवाल्यांचं मत". काही लोक त्यात "बरी हाय" एवढंच सांगत. सर तेही लिहून घेत.

सरांचा एक नियम होता, आणि तो मला पाठ होता, हे आधीच सांगून ठेवते. द्राक्षबागेवर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या जिल्ह्यात बागा म्हणजे लोखंडी अँगल आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा, एकरच्या एकर. त्या तारांवरून रडारच्या लहरी अशा काही परत येतात की खाली जमीन ओली आहे की नाही हे चित्रावरून कळणं अवघड होतं. "बाग दिसली की मावशींचं ऐकू नका," ते म्हणायचे. "दोन ओळींच्या मध्ये जाऊन बसा आणि हात घाला." म्हणूनच त्या ऑक्टोबरात त्यांनी नांदगावकडच्या एका गावात नवं ठिकाण मुद्दाम धरलं. नंबर सतरा. तिकडे बागा तुरळक, पण त्या गावात दहा-बारा जणांनी लावल्या होत्या.

त्या वर्षी परतीचा पाऊस झालाच नव्हता. जिल्ह्याच्या एका कार्यालयाने पहिल्यांदा आमचा नकाशा वापरायचं ठरवलं होतं. ज्या शिवारात ओल दिसत नाही तिथं पाहणी पथक आधी जाणार, तिथले टँकर आधी सुरू होणार. ज्या शिवारात ओल दिसते त्यांचा नंबर शेवटी. आठ वर्षं हा माणूस ज्यासाठी माती भाजत होता ते काम अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडणार होतं. सर त्या आठवड्यात इतके खुशीत होते की त्यांनी नवा चमचा घेतला.

त्या नकाशासाठी मावशी येणार होत्या त्या सकाळी आम्ही चौघं चार दिशांना होतो. सर पेठला. माझ्याकडे नांदगावची बाजू, सोळा आणि सतरा. आणि त्याच दिवशी अकरा वाजता पंचवटीत आमच्या घरी मला बघायला पाहुणे येणार होते. आईने साडी इस्त्री करून ठेवली होती. सोळा नंबर नाल्याकाठचा कांद्याचा मळा, काळीभोर जमीन, आदल्या दिवशीच पाणी दिलेलं. सहा एकतीसला मी तिथं डबी भरली. सतरा तिथून नऊ किलोमीटर, आणि रस्ता असा की जीपवाले दादा म्हणाले, "मॅडम, जाऊन-येऊन तास-दीड तास धरा." मी घड्याळ पाहिलं. मग दुसरी डबी काढली, चार पावलं बाजूला सरकले, त्याच मळ्यातली माती भरली आणि झाकणावर लिहिलं, सतरा.

दादांनी विचारलं, "सतराला नाय जायचं?"

"झालं," मी म्हटलं.

साडेदहाला मी घरी होते. नखांतली माती काढायला वेळ मिळाला नाही, आणि मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी घेताना माझ्या बोटांकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. ते स्थळ जमलं नाही. जमायला हवं होतं असंही नाही. पण एका गावाचं पाणी मी त्या पोह्यांपायी लांबवलं, एवढं खरं.

माती मीच वाळवली, वजनं मीच केली, वाळलेली माती बाटलीत मीच भरली. सतरा नंबर आला चोवीस. रडारच्या चित्रात ते शिवार लख्ख चमकत होतं. सरांनी नियमाप्रमाणे बागेवर शंका घेतली, वही उघडली आणि माझा चोवीस पाहिला. "जुळलं," ते म्हणाले. "अहो, बाग असूनही जुळलं!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी सतरा नंबरच्या त्या गावचे आप्पा आले. साठीचे, टोपी, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. सकाळच्या एसटीने निघून, कार्यालयात विचारून, तिथून कोणीतरी कॉलेजचं नाव सांगितलं म्हणून पायऱ्या चढत वर आलेले. धाप लागली होती. सरांनी "या, बसा" म्हणत घमेल्याकडे हात नेला. पण आप्पांनीच पिशवी टेबलावर उलटी केली. लाल मुरमाची माती, कागदांवर, कीबोर्डवर, सगळीकडे पसरली.

"सायेब, तुमच्या नकाशात आमचं रान ओलं हाय म्हने," आप्पा म्हणाले. "शेजारच्या दोन गावास्नी टँकर आला. आमाले सांगतेत, तुमचं शिवार हिरवं हाय. हे घ्या हिरवं."

सरांनी मूठ भरली. डोळे मिटले. "चार," ते म्हणाले. मग डोळे उघडून त्या लाल मातीकडे पाहिलं आणि लगेच उठले. "चला."

मलाही म्हणाले, "येताय ना?" मी डोकं दुखतंय म्हटलं. ते आणि आप्पा गेले. मी टेबलावरची माती झाडूने गोळा करत बसले.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हातात गंजलेल्या तारेचा वीतभर तुकडा होता. तो टेबलावर ठेवून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मागच्या उन्हाळ्यातच पाणी संपलं म्हणून गावाने वेली तोडल्या होत्या. अँगल आणि तारा मात्र तशाच ठेवल्या, पाणी आलं तर परत लावू म्हणून. खाली कोरडा मुरूम आणि वर मैलभर तारा. "मावशींनी तारा पाहिल्या," सर म्हणाले. "त्यांनी आपलं काम चोख केलं."

मी वाट बघत होते. दिवसभरात कधीतरी ते विचारतील, तुम्ही काय आणलं होतं त्या डबीत? विचारलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बाटल्यांच्या फळीकडे गेले. माझ्या जागेच्या अगदी समोर, डोळ्यांच्या उंचीला, दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींवर सतरा. एक मी भरलेली, काळी. एक कालची, लाल. बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कार्यालयात बैठक झाली. आप्पाही होते, शेवटच्या खुर्चीवर. मोठ्या साहेबांनी सरांना बाहेर पडायला वाट करून दिली होती, हे मलाही समजत होतं. "तांत्रिक अडचण असेल सर, रडारची?"

"नाही," सर उभे राहून म्हणाले. "रडारची अडचण आम्हाला ठाऊक होती. त्या जागी जाऊन हात घालायचं काम आमचं होतं. ते झालं नाही. तिथं कोणी गेलंच नाही आणि वहीत आकडा लिहिला गेला."

"कोण जाणार होतं?"

"माझी जबाबदारी. नाव माझं लिहा."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी त्या ग्लासाकडे बघत राहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. भित्री होते, दुसरं कारण नाही. येताना रिक्षात सर म्हणाले, "मूगभजी खाल का? इथं बरी मिळतात." मी नको म्हटलं. त्यांनी एकट्यांनी खाल्ली, कागद घडी करून खिशात चमच्याशेजारी ठेवला.

गावाला टँकर मार्चअखेरीस आला. शेजारच्या गावांपेक्षा सहा आठवडे उशिरा. त्याच वर्षी ते काम आमच्याकडून काढून बाहेरच्या कोणाला तरी दिलं गेलं. आठ वर्षांच्या कामावर "विश्वासार्ह नाही" असा शेरा बसला. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. मला पुण्यात नोकरी लागली, एसी ऑफिसात, तेच काम, फक्त माती नाही. शिफारसपत्र सरांनीच दिलं होतं. "कामात चोख" असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र मी नोकरी लागल्यावर परत कधी उघडलं नाही.

अशी पाच वर्षं गेली. मागच्या वैशाखात आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने न गेलेल्या शेताचा आकडा ठोकून दिला, आणि मी त्याला झापायला तोंड उघडलं. पहिलं वाक्य निम्मं बोलले आणि पुढचं येईनाच. तो घाबरून बघत होता. मी "जाऊ दे" म्हणून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. मग शनिवारी नाशिकला गेले.

सर वाळले होते. खिशात चमचा होता. काकूंनी केक दिला, आता मातीचा वास नसलेला. हॉलमध्ये लोकांकडे ट्रॉफ्या असतात त्या काचेच्या कपाटात मातीच्या बाटल्या होत्या, आणि सतरा दोन होत्या. मी केक खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पोहे, नऊ किलोमीटर, दादांना म्हटलेलं "झालं", सगळं. रडले, ते लपवत नाही.

"मला माहीत होतं हो," सर म्हणाले. "बाटल्या मीच ठेवल्या ना."

"मग बैठकीत तुम्ही..."

"माणूस मी पाठवला, जागा मी धरली, तपासायचं काम माझं. आयुष्यभर लोकांना डोळे मिटा म्हणून सांगत आलो. एकदा उघडून बाटलीकडे पाहिलं असतं तर ऑक्टोबरातच कळलं असतं. काळा रंग होता, लाल जागेचा." मग म्हणाले, "तुम्ही त्याच आठवड्यात सांगाल असं वाटलं होतं. मी रोज थोडा उशिरापर्यंत थांबायचो."

ते मला माहीत होतं. तेव्हा मीच लवकर निघायचे.

"पण मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "माझं काय गेलं? एक काम गेलं, काकूंना ओव्हन मिळाला. आप्पांना सांगा. परवा मावशी येतायत, मीही येतो. पाइप आणि हातोडी आहे माझ्याकडे."

सोमवारी पहाटे निघून आम्ही सहाच्या सुमाराला गावात पोचलो. सर दर वर्षी एकदा तिथं येत होते हे मला आप्पांच्या कुत्र्याने सांगितलं म्हणायला हरकत नाही. ते माझ्यावर भुंकलं आणि सरांच्या पायाशी जाऊन बसलं. आप्पा ओट्यावर होते. त्यांची सून हंडे घेऊन निघायच्या तयारीत होती. गावात नळ आलाय, पण उन्हाळ्यात आठ दिवसांनी पाणी. मधले दिवस नाल्यापलीकडची विहीर.

सर म्हणाले, "आधी बोला. डबी नंतर." आणि ओट्याच्या टोकाला जाऊन बसले.

मी आप्पांना सांगितलं. उभ्यानेच, हात जोडून. त्या वेळी इथं यायचं होतं, मी आले नाही, दुसरीकडची माती आणली, म्हणून टँकर उशिरा आला. आप्पांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "मी बैठकीत आयकलं व्हतं, कुनी गेलंच नाय म्हून. मला वाटलं सायबच. मी त्यायले दर साली चहा पाजतो, पर मनात राहून गेलं व्हतं." त्यांनी सरांकडे पाहिलं. सर कुत्र्याच्या कानामागे खाजवत होते. "मले नका सांगू बाई. मी काय पानी वाहिलं? हिले सांगा."

सून दोन पावलं पुढे आली. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल.

"ती तुमी व्हय?" ती म्हणाली. "सहा आठवडे, दिसाला चार खेपा. माझी मोठी दहावीले व्हती त्या साली. सकाळच्या दोन तीच करायची. सराव परीक्षेले बसली नाय."

"पास झाली?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न होता.

"झाली. जेमतेम." तिने डोक्यावरचा हंडा उतरवला आणि माझ्यापुढे धरला. चुंबळही दिली. "चला. एक खेप करा माझ्यासंगं."

तिच्या आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. वाट नाल्यात उतरते आणि पलीकडे चढते. जाताना रिकामा हंडा होता तरी मी दोनदा ठेचकाळले. विहिरीवर तिनेच शेंदून दिलं, तिनेच डोक्यावर चढवून दिलं. येताना ती पुढे आणि मी मागे. मान आखडली, पाणी खांद्यावरून, पाठीवरून वाहत होतं. वाटेत ती एकदाच बोलली. "खाली बघू नका. समोर बघा." दर काही पावलांनी ती थांबून माझी वाट बघायची. दिवसाला चार. सहा आठवडे. मी डोक्यात गुणाकार करत होते आणि तो होत नव्हता.

अंगणात आले तेव्हा हंडा निम्मा होता आणि मी पुरती भिजलेली. सुनेने तो उतरवून घेतला, आत वाकून पाहिला. "बराच आनला," म्हणाली आणि आत जाऊन चहाला लागली.

तेव्हा मला वेळेचं भान आलं. सात वाजून गेले होते. सहा एकतीस केव्हाच झाले होते. मी सरांकडे पाहिलं. पाइप, हातोडी आणि डबी त्यांच्याशेजारी ओट्यावर तशीच होती. मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा मावशी डोक्यावरून गेल्या होत्या आणि सर जागचे हलले नव्हते.

"सर, वेळ गेली."

"येतील बारा दिवसांनी."

ते उठून माझ्याजवळ आले, खाली वाकले आणि माझ्या अंगावरून पाणी ठिबकत होतं तिथली मूठभर माती चमच्याने उचलली. डोळे मिटले. मान डावीकडे झुकली.

"बावीस," ते म्हणाले. मग मूठ उघडून माती खाली सोडली आणि हात झटकले. "पण हे वहीत नको. हे सांडलेलं आहे."

डबी त्यांनी माझ्या हातात दिली. झाकण कोरं होतं. मी आप्पांकडून त्यांच्या नातीच्या जुन्या कंपासपेटीतलं पेन मागून घेतलं, सतरा लिहिलं आणि सरांच्या मागोमाग तारांकडे निघाले. त्या जागी मी अजून कधीच गेले नव्हते.